फोन कोणाचा, आवाज कोणाचा? : ‘वन नाईट अ‍ॅट द कॉल सेंटर’ या कादंबरीतील श्रमचित्रणाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने भारतीय समाजजीवनात जे बदल घडवून आणले, त्यांची नोंद साहित्याने कशा रीतीने घेतली, हा समकालीन समीक्षेपुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. या बदलांतून जे नवे व्यवसाय निर्माण झाले, त्यांत कॉल सेंटरचे स्थान विशेष आहे. परदेशातील ग्राहकाच्या तक्रारीला भारतातील पदवीधराने रात्री जागून उत्तर द्यावे, ही व्यवस्था यापूर्वीच्या कोणत्याही कामगार पिढीने अनुभवलेली नव्हती. चेतन भगत यांची ‘वन नाईट अ‍ॅट द कॉल सेंटर’ ही इंग्रजी कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हा अनुभव प्रथमच फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचला. २००८ मध्ये अतुल अग्निहोत्री यांनी तिच्यावर ‘हॅलो’ हा हिंदी चित्रपट काढला.

या कादंबरीकडे बहुधा ‘लोकप्रिय वाङ्मय’ म्हणून पाहिले गेले. भाषा साधी, प्रसंग चटपटीत, शेवट गोड, एवढ्यावर तिची बोळवण करता येते. परंतु लोकप्रिय कृती वाचकाच्या मनात एखाद्या प्रश्नाची चौकट घडवीत असते. कॉल सेंटरमधील नोकरी म्हणजे काय, तिचे दुःख कोणते आणि त्या दुःखावर उपाय कोणता, याविषयी एका पिढीची धारणा या कादंबरीने घडवली. शिवाय ज्या पदवीधरांविषयी ती बोलते ते आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडतात. संभाषणकौशल्याचे वर्ग आपणच घेतो, कॅम्पस मुलाखतींची दालनेही आपणच उघडून देतो. म्हणून ही कादंबरी गंभीरपणे वाचणे हे अध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. कॉल सेंटरमधील कामाच्या स्थितीविषयी ही कादंबरी काय पाहते? पाहिलेल्या गोष्टींची संगती ती कशी लावते? आणि श्रमाचे चित्रण करणाऱ्या अन्य कृतींच्या शेजारी ठेवली असता तिचे मूल्य कोणते ठरते?

२. व्यवसायाचे स्वरूप

कादंबरीच्या विवेचनापूर्वी या व्यवसायाची घडण थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी कंपन्यांनी आपली कार्यालयीन कामे भारतात हलविण्यास प्रारंभ केला. ब्रिटिश एअरवेजने मुंबईत आणि जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तशाखेने गुडगावात सुरू केलेली केंद्रे ही या क्षेत्रातील आरंभीची उदाहरणे होत. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर आंतरराष्ट्रीय संपर्क स्वस्त होत गेला. इंग्रजी जाणणारे पदवीधर मुबलक होते. त्यांचा पगार अमेरिकेतील कर्मचाऱ्याच्या मानाने फार कमी, तर येथील इतर आरंभीच्या नोकऱ्यांच्या मानाने अधिक होता. या दुहेरी तफावतीवरच हा व्यवसाय उभा राहिला.

कामाची रचना मात्र कारखान्याला शोभेल अशी होती. एका कॉलला सरासरी किती वेळ लागावा, दोन कॉलमध्ये किती सेकंद जावेत, जेवणासाठी आणि प्रसाधनगृहासाठी किती मिनिटे मिळावीत, हे सारे आधीच ठरलेले असते आणि संगणक त्याची नोंद ठेवतो. संभाषण ध्वनिमुद्रित होते, वरिष्ठ कोणत्याही क्षणी ते ऐकू शकतात, आणि महिन्याच्या शेवटी गुणांकनावर पगारातील प्रोत्साहनभत्ता अवलंबून असतो. बाबू पी. रमेश यांनी २००४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या कर्मचाऱ्यांना ‘सायबर कुली’ असे संबोधून त्यांच्यावरील देखरेखीची तुलना एकोणिसाव्या शतकातील तुरुंगांशी केली होती. या तुलनेवर पुष्कळ वाद झाला. वाद करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा वातानुकूलित दालन, चांगला पगार आणि घरपोच वाहन हा होता. देखरेखीचे स्वरूप मात्र त्यातून खोडले गेले नाही.

३. नाव, उच्चार आणि भावनिक श्रम

कादंबरी गुडगावातील ‘कनेक्शन्स’ या कॉल सेंटरमध्ये घडते. अमेरिकेतील घरगुती उपकरणे विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना मदत करणे हे येथील सहा जणांचे काम आहे. श्याम मेहरा येथे सॅम मार्सी होतो, वरुण ऊर्फ व्रूम हा व्हिक्टर मेल होतो, राधिका झा रेजिना जोन्स होते आणि ईशा सिंग एलायझा सिंगर होते. नामांतराचा हा तपशील कादंबरीत विनोदाच्या अंगाने येतो आणि विनोदातच विरून जातो.

वस्तुतः येथे एक गंभीर गोष्ट घडत आहे. नाव ही माणसाची अखेरची खासगी मालमत्ता असते. मालकाने कामगाराला गणवेश द्यावा तसे येथे नाव दिले जाते. गणवेश पाळी संपल्यावर काढून ठेवता येतो. नाव आणि उच्चार जिभेवर राहतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. स्वतःची भावना आवरून मालकाला हवी ती भावना चेहऱ्यावर आणणे हासुद्धा श्रम आहे आणि तो विकला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॉल सेंटरमध्ये चेहराही उरत नाही. सगळा भार आवाजावर येतो. ग्राहकाने शिवी दिली तरी आवाजातील हसू ढळू द्यायचे नाही, हे येथील कौशल्य होय.

शिवीगाळ करणारे ग्राहक कादंबरीत आहेत. परंतु त्यांना तोंड देण्यासाठी ती जे साधन पात्रांच्या हाती देते ते विचार करण्याजोगे आहे. प्रशिक्षणात फळ्यावर ‘३५ = १०’ असे समीकरण लिहिले जाते. पस्तीस वर्षांच्या अमेरिकनाची बुद्धी दहा वर्षांच्या भारतीय मुलाएवढी असते, असा त्याचा अर्थ. अपमान गिळण्यासाठी समोरच्याला मूर्ख समजावे, ही ती शिकवण. पात्रे या समीकरणावर हसतात आणि वाचकही हसतो. परंतु हे समीकरण व्यवस्थापनाच्या प्रशिक्षकाने दिलेले आहे, याकडे कादंबरी लक्ष देत नाही. कर्मचाऱ्याचा राग कंपनीकडे वळू नये, तो दूरच्या ग्राहकाकडे वळावा आणि तेथेही तो मनातल्या मनात जिरावा, याची ती सोय आहे. कामातील विषमतेला येथे राष्ट्रीय श्रेष्ठत्वाचे रूप मिळाले आहे. लेखकाने हा धागा हाती घेतला असता तर कादंबरीला वेगळीच धार आली असती.

४. उसना काळ आणि दुहेरी पाळी

कादंबरीतील प्रकरणांना घड्याळातील वेळांची शीर्षके आहेत. सायंकाळी सुरू झालेली कथा पहाटेपर्यंत जाते. ही रचना आशयाशी सुसंगत आहे, कारण या नोकरीत काळच विकला जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते; तिकडचे कार्यालयीन तास म्हणजे आपली रात्र. कथेची रात्रही लेखकाने नेमकी निवडली आहे. ती थँक्सगिव्हिंगची, म्हणजे अमेरिकेतील कुटुंबे एकत्र जेवतात त्या सणाची रात्र आहे. तिकडच्या ओव्हनमधील टर्की बिघडली की इकडचा फोन वाजतो. स्वतःचे कुटुंब झोपलेले असताना परक्यांच्या सणाचे स्वयंपाकघर सांभाळणारी ही मुले, ही या कादंबरीतील सर्वांत बोलकी प्रतिमा म्हणावी लागेल.

या प्रतिमेचा सर्वाधिक भार राधिकेवर आहे. ती सून आहे. दिवसा सासरची सेवा, रात्री हेडसेट, आणि या दोहोंच्या मध्ये नैराश्यावरच्या गोळ्या असा तिचा क्रम आहे. रात्रपाळीचा स्त्रीच्या जीवनावर होणारा परिणाम येथे एका पात्रातून सूचित होतो. परंतु कथानक तिचे दुःख पतीच्या विवाहबाह्य संबंधाच्या दिशेने नेते. पती दोषी ठरतो, राधिका त्याला सोडते आणि प्रश्न सुटल्यासारखा होतो. तिची झोप, तिचे शरीर आणि तिची दुहेरी पाळी हे विषय मागे पडतात. पती निष्ठावंत असता तरी राधिकेला झोप मिळाली नसती, ही साधी गोष्ट कथानकाच्या वेगात हरवते.

कादंबरीतील क्वालिस गाडीचेही असेच होते. कर्मचाऱ्यांना नेणारी आणि पोहोचविणारी गाडी हा या व्यवसायाचा अविभाज्य भाग आहे. कादंबरीत हीच गाडी बांधकामाच्या खड्ड्यावरील लोखंडी सळयांवर अडकते आणि तेथे ईश्वराचा फोन येतो. वास्तवात या गाड्यांनी निराळा इतिहास लिहिला. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, बंगळुरूत रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची वाहनचालकाने हत्या केली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात अशाच कंत्राटी गाडीच्या चालकाने साथीदारासह एका तरुणीवर अत्याचार करून तिला ठार मारले. या घटनांनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या जागी आलेल्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम देण्यासाठी त्यांची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था आवश्यक ठरवली. एका कादंबरीने पुढच्या घटनांचे भाकीत करावे अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही. तरीही ज्या वाहनात कर्मचारी सर्वांत असुरक्षित असतात, तेच वाहन येथे साक्षात्काराचे स्थळ व्हावे, यातून लेखकाची नजर कोठे होती हे समजते.

५. खलनायक आणि ईश्वर

कादंबरीतील संघर्षाचे सूत्र बक्षी या व्यवस्थापकाभोवती गुंफले आहे. बक्षी निर्बुद्ध आहे, व्यवस्थापनाची पोकळ परिभाषा बोलतो आणि श्याम व व्रूम यांनी तयार केलेली पुस्तिका स्वतःच्या नावावर बॉस्टनला पाठवतो. नोकरकपातीची टांगती तलवारही त्याच्याच हाती आहे. वाचकाला बक्षीचा राग येतो आणि तो रास्तच आहे.

परंतु बक्षी हुशार आणि सज्जन असता तर काय बदलले असते? कॉलची संख्या घटली म्हणून माणसे कमी करण्याचा निर्णय त्याच्या स्वभावातून आलेला नाही. तो कंत्राटाच्या स्वरूपातून आलेला आहे. काम बाहेर देणारी कंपनी ते केव्हाही अन्यत्र हलवू शकते, आणि ही अनिश्चितता उतरंडीने खाली येत शेवटी हेडसेटपाशी थांबते. व्यवस्थेचा प्रश्न एका माणसाच्या दुष्टपणात बसवला की तो माणूस गेल्यावर प्रश्न मिटल्याचे समाधान मिळते. कादंबरीत नेमके तेच घडते. ईशाच्या नावे बक्षीच्या खात्यातून आल्याचे भासविणारा खोटा ई-मेल तयार करून त्याला राजीनामा देण्यास भाग पाडले जाते. येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. कार्यालयातील लैंगिक छळ हा स्त्री कर्मचाऱ्यांचा खरा प्रश्न आहे. त्याची खोटी तक्रार हे नायकांचे हत्यार बनवून कादंबरी खऱ्या तक्रारींची विश्वासार्हता उणी करते.

ईश्वराच्या फोनचा विचार याच संदर्भात करावा लागतो. खड्ड्यावर लटकलेल्या सहा जणांना ईश्वर यशाची सूत्रे सांगतो: मध्यम बुद्धिमत्ता, थोडी कल्पनाशक्ती, आत्मविश्वास आणि अपयशाचा अनुभव. या चारही गोष्टी व्यक्तीच्या आत आहेत. शेजारी बसलेला सहकारी, समान तक्रार, एकत्र येणे यांपैकी काहीही या यादीत नाही. याच २००५ मध्ये माहिती तंत्रज्ञान आणि तत्सम सेवांतील कर्मचाऱ्यांची ‘युनाइट्स’ ही संघटना देशात आकाराला येत होती. कादंबरीत संघटना या शब्दाला जागा नाही. सहा माणसे एकाच टेबलाशी बसतात, एकाच गाडीतून प्रवास करतात, एकाच खड्ड्यावर लटकतात. मुक्ती मात्र प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळते. श्याम आणि व्रूम संकेतस्थळे बनविण्याचा व्यवसाय काढतात, म्हणजे नोकरीतून सुटण्याचा मार्ग मालक होण्यातून जातो. जे मालक होऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी ईश्वराकडे संदेश नाही.

६. भीतीचा व्यापार

नोकऱ्या वाचविण्यासाठी पात्रे जी युक्ती योजतात, तिच्याकडे आज नव्याने पाहणे आवश्यक झाले आहे. अमेरिकनांच्या मनात संगणकीय विषाणूची खोटी भीती निर्माण करायची आणि त्यांना कॉल करण्यास भाग पाडायचे, अशी ती मोहीम आहे. व्रूम देशाभिमानाने भारलेले भाषण करतो, सारे दालन कामाला लागते आणि कॉलची संख्या वाढते. कादंबरीत हा विजयाचा क्षण आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील नागरिकांना तिकडच्या करखात्याच्या नावाने फोन करून अटकेची भीती घातली जात होती आणि पैसे उकळले जात होते. शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन त्यांची चौकशी झाली. खोटे नाव, घोटून घेतलेला उच्चार, हाती दिलेली संहिता आणि दूरच्या माणसाच्या भीतीवर चालणारा धंदा: कादंबरीतील विजयाचे सर्व घटक येथे गुन्ह्याच्या रूपात हजर होते.

एकातून दुसरे निर्माण झाले असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा नैतिक दृष्टीचा आहे. ज्या कामात रोज खोटे नाव सांगणे हा कर्तव्याचा भाग असतो, तेथे खरे आणि खोटे यांतील सीमारेषा पुसट होणे हा कामाच्या स्थितीचाच परिणाम होय. हा परिणाम कादंबरीने टिपला, पण तो ओळखला नाही. तिने त्याला पराक्रम समजले. समीक्षेने आक्षेप घ्यावा तो येथे.

७. ‘जॉन अँड जेन’शी तुलना

त्याच वर्षी, २००५ मध्ये, अशिम अहलुवालिया यांचा ‘जॉन अँड जेन’ हा माहितीपट पूर्ण झाला. मुंबईतील कॉल सेंटरमध्ये काम करणारे सहा जण त्यात आहेत. दोन्ही कृतींचे वर्ष एक, पात्रसंख्या एक, विषय एक. म्हणून तुलना उद्बोधक ठरते.

माहितीपटात खलनायक नाही. रात्रीचे रस्ते, दिव्यांनी उजळलेली दालने आणि हेडसेटमधून येणारे परके आवाज यांतून कामाचा दाब हळूहळू जाणवू लागतो. सहा जणांच्या प्रतिक्रियाही एकसारख्या नाहीत. एकाला या कामाचा तिटकारा आहे, तर एकीला त्यात सेवेचे समाधान मिळते. केस आणि त्वचा फिकट करून घेतलेली नाओमी आपल्या नव्या उच्चाराशी इतकी एकरूप झाली आहे की जुनी ओळख शोधावी लागते. ओझमंड नावाने वावरणारा तरुण श्रीमंत होण्याच्या ध्यासाने प्रेरणादायी ध्वनिफिती ऐकतो आणि यशाची सूत्रे पाठ करतो.

ओझमंडला ज्या फितींतून उपदेश मिळतो आणि भगत यांच्या पात्रांना ईश्वराकडून जो मिळतो, त्यांत फरक फारसा नाही. फरक आहे तो दिग्दर्शकाच्या आणि कादंबरीकाराच्या स्थानात. माहितीपट हा उपदेश रोगाचे लक्षण म्हणून दाखवतो. कादंबरी तोच औषध म्हणून देते. अहलुवालिया निवाडा देत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला स्वतः विचार करावा लागतो. भगत निवाडा देतात आणि वाचकाची सुटका करतात.

८. मराठीतील श्रमचित्रणाचे निकष

श्रमाचे चित्रण कसे करावे याचे भक्कम निकष मराठी साहित्याने घडविले आहेत. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाने कामगाराचा अनुभव ज्ञानाच्या पातळीवर नेला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने १९८२ च्या गिरणी संपानंतरचे गिरणगाव एका घरात उभे केले. तेथे कुटुंबातील प्रत्येक भांडणामागे बंद पडलेल्या गिरणीची छाया आहे. घरातल्या दुःखाचे मूळ घराबाहेर आहे याचे भान नाटक सुटू देत नाही. राधिकेच्या घरात जे हरवते, ते ‘अधांतर’मध्ये जपले गेले आहे.

नामांतराच्या संदर्भात बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेची आठवण अपरिहार्य आहे. रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण परक्या गावी आसऱ्यासाठी आपली जात लपवतो आणि ती उघड होताच त्याला मार खावा लागतो. बागुलांच्या नायकाचे लपणे आणि श्यामचे सॅम होणे यांची बरोबरी करता येणार नाही. एकीकडे शतकांची हिंसा आहे, तर दुसरीकडे नोकरीची अट. परंतु स्वतःला लपविल्याशिवाय काम आणि मान मिळत नाही, ही परिस्थिती माणसाच्या आत काय करते, याचा शोध बागूल घेतात. कथेतील प्रत्येक संवाद उघडकीच्या भीतीने ताणलेला असतो. सॅमच्या तोंडच्या संवादांत हा ताण नाही. नाव बदलल्याने आत काय बदलले, हा प्रश्नच कादंबरी विचारत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) रात्रपाळी, नामांतर, देखरेख, अपमान, नोकरीची अनिश्चितता आणि स्त्रियांची दुहेरी पाळी हे कामाच्या स्थितीचे सर्व महत्त्वाचे घटक ‘वन नाईट अ‍ॅट द कॉल सेंटर’मध्ये उपस्थित आहेत. दस्तऐवज म्हणून तिचे मूल्य नाकारता येत नाही.

(२) या घटकांची संगती मात्र ती व्यक्तिगत पातळीवर लावते. व्यवस्थेचा दोष बक्षीकडे, राधिकेचा थकवा पतीकडे आणि उपाय आत्मविश्वासाकडे सोपवला जातो. कादंबरीच्या लोकप्रियतेचे रहस्यही बहुधा याच सुटसुटीतपणात असावे.

(३) खोट्या भीतीच्या मोहिमेला पराक्रमाचे रूप देऊन ती कामाने घडविलेल्या नैतिक विकृतीचा गौरव करते.

(४) ‘जॉन अँड जेन’ आणि मराठीतील श्रमसाहित्य यांच्या तुलनेत तिची उणीव भाषेच्या साधेपणात नाही. सुर्वे यांची भाषाही साधीच आहे. तिची उणीव प्रश्नापाशी न थांबण्यात आहे.

२०२० च्या महासाथीनंतर कॉल सेंटरचे काम अनेक घरांत शिरले. भारतीय उच्चार बोलता बोलता अमेरिकी उच्चारात रूपांतरित करणारी सॉफ्टवेअर आता वापरात आली आहेत. ज्या उच्चारासाठी एका पिढीने जीभ वळवली, तो यापुढे यंत्र पुरवील आणि कालांतराने कदाचित आवाजही. अशा वेळी वर्गात ही कादंबरी वाचताना शेवटच्या पानावरील यशोगाथेपाशी थांबून चालणार नाही. श्याम आणि व्रूम यांनी सोडलेल्या खुर्च्यांवर दुसऱ्या दिवशी सायंकाळी कोण येऊन बसले, हे विद्यार्थ्यांना विचारावे लागेल. कादंबरीने न विचारलेला हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या आयुष्याचा प्रश्न असणार आहे.